झोन एक्समधल्या घराला पुराचा विमा: घ्यावा की तेवढे पैसे बाजूला टाकावेत?

सागरतीर
टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टन काउंटीत, लीग सिटीला घर घेतोय. पुढच्या महिन्यात क्लोजिंग आहे, म्हणजे व्यवहार पूर्ण होईल. फीमाच्या (अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) पूरनकाशावर घर झोन एक्समध्ये, म्हणजे कमी धोक्याच्या भागात येतं, म्हणून बँक पुराचा विमा मागत नाही. घर दाखवणारे एजंटही म्हणाले, "सक्ती नाही, मग कशाला?" मी मात्र घेणार आहे, आणि या किनाऱ्यावर प्रत्येकानं घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

आपल्या लोकांची इथे एक गफलत होते. भारतात २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर मुळातच धरलेला असतो. इथल्या घराच्या नेहमीच्या पॉलिसीत तो सरळ वगळलेला असतो. किनाऱ्यालगत वादळी वाऱ्याचा विमाही बऱ्याचदा वेगळा काढावा लागतो, म्हणजे एका घराला तीन पॉलिसी. २००८ च्या आयक वादळात बोलिव्हर द्वीपकल्पावर कित्येक घरांचं नुसतं जोतं उरलं. घर वाऱ्यानं नेलं की पाण्यानं, यावर मग कोर्टकचेऱ्या झाल्या. ज्याच्याकडे एकच पॉलिसी होती त्याचं काय झालं असेल?

हिशेबी
मी असहमत. याच काउंटीत राहतो, घर झोन एक्समध्येच, आणि दोन वर्षांपूर्वी विमा बंद केला. पुराच्या विम्याच्या सरकारी योजनेत इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. सामानाचे पैसे घसारा कापून मिळतात, म्हणजे दहा वर्षांच्या सोफ्याचे किती येणार ते समजून घ्या. घर राहण्याजोगं नसेल तेव्हाचं भाडं तर मिळतच नाही. शिवाय हप्ता वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, आणि तसा वाढत गेला तर चार वर्षांत जवळजवळ दुप्पट. तोच पैसा मी वेगळ्या खात्यात टाकतो. पाणी आलं नाही तर तो माझाच राहतो.

फुगवट्यातली
हिशेबी, तुमचं गणित पाणी वीस वर्षांनी येईल असं धरून चालतं. आमचं ह्यूस्टनच्या बाजूला केटीजवळचं घर बार्कर जलाशयाच्या मागच्या बाजूला. तेही शंभर वर्षांच्या पूररेषेबाहेर, म्हणजे जिथे दरवर्षी पुराची शक्यता १ टक्क्याहून कमी धरतात तिथे. घेतल्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं. पाऊस थांबल्यावर आम्हाला वाटलं, सुटलो. पण जलाशयाचा फुगवटा मागे सरकत सरकत घरात शिरला. फक्त फूटभर पाणी, पण शीटरॉक (भिंतींचे जिप्समचे पत्रे) चार फुटांपर्यंत कापून काढावं लागलं, लाकडी जमीन उखडली, स्वयंपाकघराची कपाटं गेली. दीड वर्षाच्या हप्त्यांएवढ्या बचतीत एका खोलीचंही काम झालं नसतं.

आमच्याकडे विमा होता, तोही शेजारच्या पंजाबी आजींनी हट्ट धरला म्हणून. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांकडे नव्हता. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत हार्वेनं दीड लाखाहून जास्त घरं भिजवली आणि त्यातली निम्म्याहून कितीतरी जास्त शंभर वर्षांच्या रेषेबाहेरची होती. नकाशावरची रेषा कर्ज देणाऱ्यासाठी असते. रस्त्यावरची गटारं तुंबली की पाणी कुठे जाईल, हे ती सांगत नाही.

हिशेबी
तुमच्यावर आलं ते वाईटच, ताई. पण एवढी मोठी आपत्ती जाहीर झाली की सरकारी मदत मिळते ना?

फुगवट्यातली
मिळते, पण तिला मर्यादा असते आणि तेवढ्यात घर उभं राहत नाही. बाकी बरीचशी मदत कर्जाच्या रूपात. घराचं कर्ज चालू असताना वर दुसरं कर्ज! मी ते फॉर्म शेजाऱ्यांसोबत बसून भरलेत.

उंचावरचा
मला दोघांचंही पटत नाही. खरा प्रश्न आहे घरं कुठे बांधली जातात हा. पुराच्या विम्याच्या याच सरकारी योजनेचं १,६०० कोटी डॉलरचं कर्ज अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, २०१७ मध्ये माफ केलं. तीच घरं बुडतात, भरपाई मिळते, पुन्हा तिथेच उभी राहतात. १९०० च्या वादळात गॅल्व्हेस्टनमध्ये किमान सहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्या लोकांनी समुद्राला भिंत घातली, इमारती जॅकवर उचलल्या आणि खाली वाळू भरली. सागरतीर, हप्त्याआधी जोत्याची उंची बघा.

सागरतीर
उंची बघणारच, तुमचा मुद्दा खरा आहे. पण आयकच्या वेळी गॅल्व्हेस्टनमध्ये पाणी भिंतीकडून नाही, मागच्या खाडीकडून आलं. आणि तयार वसाहतीतलं पक्कं घर आज कोण उचलणार?

हिशेबी, ज्या झोनमध्ये बँक विमा सक्तीचा करते तिथे दरवर्षी पुराची निदान १ टक्का शक्यता धरतात. ऐकायला किरकोळ, पण ३० वर्षांच्या कर्जात ती २६ टक्के होते. आपल्या झोनमध्ये त्याहून कमी, कबूल. पण सगळी कमाई ज्या घरात घातली, त्यावर मी तेवढीही जोखीम घेणार नाही.

फुगवट्यातली
विमा क्लोजिंगच्या वेळी कर्जाबरोबरच घ्या, म्हणजे तो लागू व्हायला ३० दिवस थांबावं लागत नाही. नंतर घेतला तर थांबावं लागतं, आणि मेक्सिकोच्या आखातात वादळ दिसायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. सामानाचं संरक्षण वेगळं मागून घ्या, ते आपोआप येत नाही. आणि विक्रेत्यानं भरून दिलेला कागद वाचा. टेक्ससमध्ये त्याला घरात आधी पाणी आलं होतं का हे लिहून द्यावं लागतं.

सागरतीर
ताई, काल रात्री तो कागद पुन्हा काढला. पहिल्यांदा नुसती सही करून ठेवला होता. त्यात लिहिलंय: हो, २०१७, गॅरेज आणि मागची खोली. आज सकाळी घराच्या जोत्याच्या उंचीचा दाखला मागवला आणि सामानासकट विम्याचा दर विचारला. हिशेबी, तुमच्या घराच्या कागदात काय लिहिलंय, एकदा बघाल का?