सीए झालेल्या मुलीने सीएफओ होण्यासाठी कोणती वाट धरावी?

धरमपेठकर: माझी पुतणी सीए असून नागपुरातल्या धंतोलीतील एका फर्ममध्ये ऑडिट करते. तिला पुढे सीएफओ, म्हणजे कंपनीची मुख्य वित्त अधिकारी, व्हायचे आहे. तिने फर्ममध्येच राहावे की कंपनीत जावे?

बुटीबोरीवाला: काका, कंपनीत, आणि आधी कारखान्याच्या कॉस्टिंगमध्येच (उत्पादनखर्च काढणाऱ्या विभागात) जावे, कारण गोदामात उभे राहून माल मोजणाऱ्यालाच ताळेबंदातील साठ्याचा आकडा कुठे फुगतो हे कळते. त्यानंतर ट्रेझरी, म्हणजे कंपनीची रोकड आणि कर्जे सांभाळणारा विभाग.

जुनी ऑडिटर: सहमत, मात्र हीच एक वाट नाही: इंद्रा नूयी सीए नव्हत्या, १९९४ मध्ये पेप्सिकोत स्ट्रॅटेजी विभागात येऊन त्या पुढे सीएफओ आणि २००६ मध्ये सीईओ झाल्या. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २०३ नुसार सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीला पूर्णवेळ सीएफओ नेमावाच लागतो आणि वार्षिक हिशेबांवर त्याची सही असते, त्यामुळे जबाबदारी वैयक्तिक असते. मुंबईची बदली आली, तर (घरच्यांनीही) नाही म्हणू नये.