आईचे एकभुक्त, ‘पेशींचे पोषण’ आणि वजनातली घट : जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

सांजवात :

नमस्कार. माझी आई येत्या कार्तिकात ७५ वर्षांची होईल. ती साताऱ्याला धाकट्या भावाकडे असते आणि मी पुण्यात, त्यामुळे तिच्या खाण्यापिण्याकडे माझे रोजचे लक्ष नसते. या वेळी चार महिन्यांनी भेटले, तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपराकडे सरकताना पाहून मी मनातून घाबरले. दोन वर्षांपूर्वी तिचे वजन ५२ किलो होते, ते आता ४६ भरले. ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे आणि मधुमेहासाठी गेली ११ वर्षे ती मेटफॉर्मिन घेते.

तिचा चातुर्मास कडक असतो. चार महिने एकभुक्त, म्हणजे दुपारी एकदाच जेवण आणि बाकी वेळी चहा. एरवीही सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी अर्धी भाकरी, पातळ आमटी, थोडा भात आणि रात्री दूधभात एवढाच तिचा आहार आहे. मी काळजी बोलून दाखवली, तेव्हा तिने मला भ्रमणध्वनीवरचा एक संदेश वाचून दाखवला. उपवासात पेशी स्वतःची सफाई करतात, त्यामुळे म्हातारपण लांबते आणि या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले आहे, असे त्यात लिहिले होते. त्यातच ओळखीतल्या एका गृहस्थांनी भावाला ‘पेशींचे पोषण’ करणाऱ्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत, ज्यांचा महिन्याचा खर्च ४,२०० रुपये आहे.

आपण जे खातो त्याचा पेशींच्या वयाशी खरोखर संबंध असतो का? असल्यास आईने एकभुक्त चालू ठेवावे का, आणि त्या कॅप्सूल घ्याव्यात का? तिच्या श्रद्धेला न दुखावता काय करता येईल, हेही कोणी सांगितले तर फार बरे होईल.

जुनी प्रयोगवही :

ताई, मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आहे, त्या आधारे लिहितो. आहाराचा पेशींशी संबंध असतो, याबद्दल शंका नको. अडचण अशी आहे की आईंना आलेल्या संदेशातली निम्मी गोष्ट खरी आहे, आणि निम्म्या सत्याचे खंडन करणे नेहमीच जड जाते.

२०१६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना मिळाले. त्यांनी यीस्टच्या पेशींची उपासमार केली आणि त्या पेशी आपलेच जीर्ण भाग पिशव्यांमध्ये गुंडाळून, विरघळवून पुन्हा वापरात आणतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मग या क्रियेला, म्हणजे ऑटोफॅजीला, कोणती जनुके लागतात तेही शोधून काढले. ही क्रिया माणसाच्या पेशींतही चालते आणि वय वाढते तशी ती मंदावते. पारितोषिक मिळाले ते या यंत्रणेच्या शोधाला. ७५ वर्षांच्या बाईने दिवसातून एकदाच जेवावे, असा निष्कर्ष त्या कामात कोठेही नाही.

यात थोडे खोलवर जाणे आवश्यक आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच दडलेले आहे. पेशीत एमटॉर नावाचे एक प्रथिन असते आणि ते घरातल्या कारभाऱ्यासारखे काम करते. अमिनो आम्लांचा (म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात त्या घटकांचा), विशेषतः त्यांपैकी ल्युसीनचा, पुरवठा झाला की तो बांधकाम सुरू करतो, म्हणजे नवी प्रथिने तयार होऊ लागतात. पुरवठा आटला की बांधकाम थांबवून अडगळ मोडीत काढायला लावतो. (या प्रथिनाचे नाव ज्या रॅपामायसिन नावाच्या औषधावरून पडले, ते ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून मिळाले आणि ते वेगळे काढणाऱ्या चमूचे प्रमुख सुरेंद्रनाथ सहगल हे भारतीय वंशाचे होते, याचा मला वर्गात सांगताना नेहमी अभिमान वाटे.) चाळिशीतल्या, पोट सुटलेल्या, दिवसभर काहीतरी तोंडात टाकत असलेल्या माणसाच्या शरीरात बांधकाम अखंड चालू असते, त्यामुळे त्याने रात्रीचे जेवण लवकर आटोपून बारा तास पोटाला विश्रांती दिली तर ते त्याच्या हिताचेच आहे. तुमच्या आईंची स्थिती नेमकी उलट आहे. उतारवयात स्नायू अमिनो आम्लांच्या हाकेला मंद प्रतिसाद देतात. तरुणाला जेवढी प्रथिने पुरतात तेवढ्यांत वृद्धाच्या स्नायूंचे बांधकाम सुरूच होत नाही. अशा शरीराला आणखी उपाशी ठेवले, तर मोडीत निघते ते स्नायूंचे मांस.

कमी खाल्ल्याने आयुष्य वाढते हा विचारही हवेतला नाही. कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्येच दाखवले होते की कमी उष्मांकांवर, पण बाकी पोषणद्रव्ये पुरेशी देऊन वाढवलेले उंदीर जास्त जगतात. ‘पुरेशी पोषणद्रव्ये देऊन’ या अटीकडे संदेश लिहिणाऱ्यांचे लक्ष जात नाही. माणसांवर अमेरिकेत ‘कॅलरी’ नावाचा प्रयोग झाला, ज्यात लठ्ठ नसलेल्या २२० जणांची निवड झाली होती. दोन वर्षे आहार २५ टक्के कमी करायचा, असे ठरले होते. प्रत्यक्षात सरासरी १२ टक्केच कमी झाला, यावरून हे किती कठीण असते ते कळेल. रक्तातील चरबी, रक्तदाब असे काही निर्देशांक सुधारले. मात्र त्यांच्यासोबत नितंबाच्या आणि कण्याच्या हाडांची घनता थोडी घटली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या प्रयोगात पन्नाशीच्या पुढचे कोणी घेतलेलेच नव्हते. त्याचे निष्कर्ष तुमच्या आईंना लावणे मला योग्य वाटत नाही.

कॅप्सूलांबद्दल थोडक्यात लिहितो. पेशींना वाचवणारी म्हणून गोळ्यांतून दिलेली द्रव्ये निरुपद्रवी असतातच असे नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती आणि १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हेच द्रव्य गाजरातून, भोपळ्यातून पोटात जाते तेव्हा असा अपाय दिसत नाही. तुमच्या भावाकडे असलेल्या कॅप्सूलमध्ये काय आहे ते मला ठाऊक नाही. परंतु डब्यावरचे घटक आईंच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ताटवाटी :

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोठी आहे. सरांनी पेशीपर्यंतचा मार्ग सांगितला, मी ताटापासून सुरुवात करते. पण त्याआधी एक गोष्ट. दोन वर्षांत ५२ चे ४६ होणे म्हणजे वजनाच्या ११ टक्क्यांहून अधिक घट आहे आणि ती ठरवून केलेली नाही. तिला वयाचा किंवा व्रताचा परिणाम समजून सोडून देऊ नये. थायरॉइड, साखरेचे नियंत्रण, दातांची अवस्था, मनाची उदासी आणि इतर आजार यांची तपासणी डॉक्टरांकडून आधी व्हायला हवी. वृद्ध मंडळी कवळी टोचते म्हणून भाकरी सोडतात आणि भूकच नाही असे सांगतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की पहिल्या भेटीत मी दातांविषयीच विचारते.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मी प्रथिनांचा अंदाज केला. अर्ध्या भाकरीतून अडीच ग्रॅम, पातळ आमटीतून तीन, दोन्ही वेळच्या भातातून चार, भाजीतून एखाद-दुसरा, दुधातून आणि चहातून सात-आठ. सगळे मिळून वीस ग्रॅमच्या आसपास जातात, आणि एकभुक्ताच्या दिवसांत तेवढेही नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. उतारवयात अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम घ्यायला सांगतात. म्हणजे आईंना ४६ ते ५५ ग्रॅम हवे आहेत. त्यांना मधुमेह आहे, म्हणून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे रक्त आणि लघवी तपासून पाहिल्यावरच हे प्रमाण वाढवावे.

अंडे न खाता हे साधते. दिवसभरात ३०० मिलिलिटर दूध (१० ग्रॅम), दीडशे ग्रॅम दही (५), ४५ ग्रॅम डाळीचे घट्ट वरण किंवा मऊ पिठले (१०), मूठभर फुटाण्यांचे पीठ ताकात कालवून (६), २० ग्रॅम दाण्याचा कूट भाजीत (५), एक पूर्ण भाकरी (५) आणि ५० ग्रॅम पनीर कुस्करून (९). एवढ्यावर पन्नास भरतात. भाकरी चावत नसेल तर दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी. ज्वारी आणि तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते डाळीत भरपूर असते, त्यामुळे आपले भाकरी-पिठले किंवा वरण-भात ही जोडी पोषणाच्या दृष्टीने फार शहाणी आहे. फक्त वरणाचे पाणी होऊ देऊ नये. हे सगळे एका जेवणात कोंबून चालत नाही, तिन्ही वेळी सतरा-अठरा ग्रॅम पोटात जातील असे वाटून द्यावे. म्हणूनच एकभुक्त त्यांच्यासाठी अडचणीचे आहे.

दुसरी बाब ब-१२ जीवनसत्त्वाची आहे आणि ती मला प्रथिनांइतकीच निकडीची वाटते. पेशी विभागताना डीएनए तयार व्हायला ते लागते आणि मज्जातंतूंचे आवरणही त्यावर अवलंबून असते. ते वनस्पतींत नसते, दुधात थोडेसेच असते, उतारवयात जठरातले आम्ल कमी झाल्याने अन्नातून ते नीट सुटत नाही, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण आणखी घटते. तुमच्या आईंच्या बाबतीत ही चारही कारणे संभवतात. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरणे ही लक्षणे आहेत का ते विचारा आणि ब-१२, हिमोग्लोबिन व ड जीवनसत्त्व तपासून घ्या. तपासणी होण्यापूर्वी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका, कारण त्याने रक्तातले चित्र सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालू राहते.

वजन भरले म्हणजे प्रश्न मिटला, असेही मानू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ देहातही स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, हे त्याहून सोप्या रीतीने मला कधी समजावता आलेले नाही. आईंचे वजन बिस्किटांनी आणि साबुदाण्याने वाढले, तर त्यात स्नायूंचा वाटा फार थोडा असेल.

कोयनाकाठ :

श्रद्धेच्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. माझे वडील ७८ व्या वर्षी न्हाणीघरात पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्याआधी वर्षभर ते खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा देत होते, ते आम्ही रोज पाहत होतो आणि त्याचा अर्थ आम्हांला कळला नव्हता. पुढे व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सांगितले की हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर पायांतले बळ कमी झाले असे समजावे. तुमच्या आईंची ही परीक्षा भिंतीजवळ, कोणीतरी शेजारी उभे राहून घ्या.

वडीलही एकादशी सोडायला तयार नव्हते. आम्ही वाद घातला नाही. आमच्या गुरुजींना घरी बोलावले. त्यांनी सांगितले की धर्मशास्त्रात व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, मुळे, फळे, दूध आणि औषध येतात, शिवाय गुरूंचे वचनही येते. त्यांनी तिथेच वडिलांना दूध घेण्याची आज्ञा केली. आमचे सारे वैद्यकीय युक्तिवाद जिथे थकले होते, तिथे हे एक वाक्य पुरले. तेव्हापासून एकादशीला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची लापशी, दूध आणि दाणे देऊ लागलो.

सांजवात :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मागच्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन तपासण्या करवून घेतल्या. ब-१२ फक्त १३८ आले असून डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आहेत. पायांना मुंग्या येतात हे आईने तेव्हा प्रथमच सांगितले. वर्षभर ती ते अंगावर काढत होती, आणि हे ऐकताना मला रडू आवरले नाही. मूत्रपिंडाचे काम ठीक आहे. उजवीकडच्या दोन दाढा दुखत असल्याने ती एकाच बाजूने चावत होती, त्यासाठी दंतवैद्यांकडे जायचे आहे. कॅप्सूल परत केल्या. खुर्चीच्या परीक्षेत ती तिसऱ्या वेळेला थांबली.

एकभुक्ताबद्दल ती म्हणाली, “दूध चालत असेल तर मी दूध घेईन, पण संध्याकाळी जेवायला बसवू नका.” सध्या सकाळी आणि रात्री दुधात राजगिरा, दुपारी घट्ट वरण, भाकरी आणि दही एवढे ठरले आहे. तिला चालण्याचा व्यायाम पुरेल का, की आणखी काही हवे?

ताटवाटी :

चालणे हृदयासाठी आणि साखरेसाठी उत्तम आहे, पण मांड्यांचे स्नायू वाढायला त्यांच्यावर भार पडावा लागतो. हातांच्या आधाराने का होईना, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच वेळा खुर्चीतून उठणे-बसणे सुरू करा, मात्र आधी डॉक्टरांना विचारा. स्नायूंना काम पडले म्हणजे अन्नातल्या प्रथिनांना त्यांचा प्रतिसादही सुधारतो, म्हणून रात्रीचे राजगिरा-दूध संध्याकाळच्या उठाबशांनंतर लगेच घेता आले तर पाहा. नियमाप्रमाणे ते जेवण ठरणार नसल्याने आईंची हरकत नसावी. साखर न घालता द्या, आणि मेटफॉर्मिनची वेळ या नव्या क्रमानुसार बदलायची का, हे पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी विचारून घ्या.