मदत हवी आहे: व्यसनमुक्ती केंद्रातली इंटर्नशिप लायसन्सला धरतात का?

निपाणीची_लेक
व्यसनमुक्ती केंद्रात इंटर्नशिप करायची आहे. महिनाअखेरच्या आत केंद्राचं पत्र कॉलेजला द्यायचंय आणि जो तो वेगळंच सांगतोय. इथं केलेले तास पुढं काउन्सेलरच्या लायसन्सला धरतात का? लायसन्सच्या परीक्षेला काय वाचायचं? लवकर सांगा प्लीज.

मलप्रभाकाठ
कोर्स कुठला? एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स), एमए सायकॉलॉजी की बीए? कॉलेज कर्नाटकातलं की महाराष्ट्रातलं? केंद्र सरकारी अनुदानाचं की खासगी? कन्नड वाचता येतं का? यातलं एक जरी बदललं तरी उत्तर बदलतं.

खानापूरचा_दादा
एवढं कशाला विचारता, पोरगी घाईत आहे. पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात अर्ज कर. १९८६ पासून काम चालू आहे, सगळं मराठीत शिकायला मिळतं.

वडगावची_ताई
दादा, शिकायला मिळेल, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही. अगं, भारतात व्यसन समुपदेशकाचं वेगळं लायसन्स नाही, त्यामुळं त्याची परीक्षाही नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं मंडळ तास मोजतं, नेटवर तेच वाचून गोंधळ होतो. इथल्या वाटा निराळ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयनं, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेनं, मान्य केलेला अभ्यासक्रम, मान्य संस्थेत पूर्ण करायचा आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव घालायचं. सायकियाट्रिक सोशल वर्करसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एमएसडब्ल्यूनंतर त्या विषयातली दोन वर्षांची एम.फिल. सांगितली आहे. या दोघांनाही राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी असते. एमएच्या इंटर्नशिपचे तास यात कुठंच जमा होत नाहीत.

हुक्केरी_रोड
ताई, तुम्ही आरसीआयवरच अडून बसलाय. २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आहे की. त्याच्या यादीत आरसीआयखाली न येणारे सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, सोशल वर्कर सगळे आहेत. शिवाय कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेचा युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम हा अभ्यासक्रम आणि त्यावरची आयकॅप परीक्षा आहे. ती परीक्षा खास व्यसनाच्या कामाचीच आहे.

वडगावची_ताई
आयकॅप हे प्रमाणपत्र आहे, लायसन्स नव्हे. अभ्यास चांगला आहे, जरूर करावा. पण त्यावर कुणी दाराला ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावली तर ते चुकीचं.

घटप्रभा_एक्सप्रेस
केंद्र काढायचं असेल तर २०१७ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, त्याशिवाय पेशंट भरती करून ठेवता येत नाहीत. त्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जमुळं होणाऱ्या स्थितीही येतात.

मलप्रभाकाठ
तिला केंद्र काढायचं नाही हो. पण मुद्दा कामाचा आहे: पत्र घेण्याआधी केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला माग. कोंडून ठेवतात का, डॉक्टर किती वेळा येतो, रात्री नर्स असते का, हेही विचार.

निपाणीची_लेक
एमए सायकॉलॉजी, तिसरं सेमिस्टर. कॉलेज कोल्हापूरकडचं. कन्नड बोलते, वाचता येत नाही. केंद्र चिक्कोडी भागातलं. म्हणजे हे तास वायाच जाणार का?

वडगावची_ताई
वाया कसे जातील? मुलाखतीत हेच काम विचारतात. धारवाडचं डिमहान्स, बेंगळुरूचं निमहान्स अशा मानसिक आरोग्याच्या संस्थांत प्रवेशाला केस हिस्टरी आणि मानसिक स्थितीची तपासणी नीट मांडता आली पाहिजे. मात्र २०२२ च्या यूजीसी नियमांत एम.फिल. बंद झाली आणि क्लिनिकलला नंतर मुदतवाढ मिळाली, म्हणून फॉर्म भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम आणि संस्था दोन्ही तपास.

आता काम. पहिल्या दिवसापासून ऑडिट, म्हणजे दारू पिण्याची तपासणी करणारी प्रश्नावली, हातात घे. दहा प्रश्न, एकूण ४० गुण. ८ पासून पुढं धोक्याचं पिणं, २० आणि वर अवलंबित्वाची शक्यता. इथं नवीन मुलं फसतात ती मापात. ‘किती ड्रिंक?’ असं विचारलं तर माणूस ‘एकच क्वार्टर’ म्हणतो आणि कागदावर १ लिहिलं जातं. ४२.८ टक्क्यांची ३० मिली दारू म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे एक ड्रिंक. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा, ९० चं पाकीट म्हणजे तीन. ऑडिटचा तिसरा प्रश्नच एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंकचा आहे, तेव्हा तुझा ‘एकच क्वार्टर’वाला तिथं रोज बसतो. बाटली कुठली, किती मिली, पाणी घालण्याआधी किती, असं विचार.

निपाणीची आहेस म्हणून सांगते, तंबाखू वेगळी विचारायची. मिश्री आणि जर्दा लोक व्यसनात धरतच नाहीत, बायका तर मुळीच नाहीत. फागरस्ट्रॉमची बिनधुराच्या तंबाखूसाठी वेगळी प्रश्नावली आहे, ती वापर.

चिक्कोडी_नर्स
समुपदेशनाआधी विथड्रॉवल, म्हणजे दारू थांबल्यावर होणारा त्रास, ओळखायला शिक. शेवटचा घोट किती वाजता, हे पहिलं लिही. ६ ते १२ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत भ्रम: किडे दिसणं, वेळकाळ न कळणं, ताप. घरचे सांगतात ‘कालच सोडली, आता बरा आहे’, तो सगळ्यात धोक्याचा वेळ. असा माणूस समोर बसला तर सेशन थांबव आणि नर्सला बोलव. ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. ते डॉक्टर बघतील, तुला कारण माहीत असावं इतकंच.

खानापूरचा_दादा
हे सगळं खरं, पण मुळात दारूच बंद केली पाहिजे. २००७ ला कर्नाटकात सारायी (स्वस्त देशी दारू) बंद झाली, काय फरक पडला? चोरला घाटातनं गोव्याची येतेच.

हुक्केरी_रोड
दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा.

चिक्कोडी_नर्स
एक राहिलं. घरच्या बायका विचारतील, ‘त्याला न सांगता भाजीत घालायची पावडर द्या की.’ कधीही हो म्हणू नकोस. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध माणसाच्या संमतीनंच, डॉक्टरच देतात. नकळत दिली आणि तो प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका असतो.

निपाणीची_लेक
खूप उपयोग झाला. कन्नड फाइलींचं काय करू? आणि लॉगबुकवर सही कुणाची?

मलप्रभाकाठ
संमतीपत्र आणि केस पेपर कन्नडमध्ये असतील. लिपी महिनाभरात वाचता येते; आधी तारखा, औषधांची नावं, नात्याचे शब्द धर. तोवर वाचून घेण्यासाठी केंद्रातलाच माणूस घे, पेशंटच्या नातेवाइकाकडून वाचून घेऊ नकोस. २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणं माहिती गुप्त ठेवायची असते. पेशंटच्या मालकाचा किंवा मेहुण्याचा फोन आला तरी ‘इथं आहे’ एवढंही सांगायचं नाही.

लॉगबुकात पेशंटचं नाव नको, केंद्रानं दिलेला क्रमांक घाल. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, काम काय (तपासणी, इनटेक, वैयक्तिक सेशन, ग्रुप, कुटुंबाशी बोलणं, रेफरल) आणि वरिष्ठानं काय सुधारायला सांगितलं ते. सही रोज देखरेख करणाऱ्या सायकॉलॉजिस्टची किंवा सायकियाट्रिस्टची, नोंदणी क्रमांकासह. केंद्राच्या मालकाची किंवा मॅनेजरची सही कॉलेज परत पाठवू शकतं. पत्र मागतानाच देखरेखीला कोण असणार ते त्यात लिहून घे, नसेल तर दुसरं केंद्र बघ.

निपाणीची_लेक
उद्या फोन करून तेच आधी विचारते. देखरेखीला सायकियाट्रिस्ट आठवड्यातून एकदाच येत असतील तर चालेल का?

वडगावची_ताई
चालेल, पण त्या दिवशी तुझ्या केसवर बसून बोलायला ठरलेला एक तास हवा. तोही पत्रात लिहून घे.