सोलापूर महानगरपालिका : 2027 च्या जनगणनेनंतर प्रभागांच्या सीमा कशा ठरतील?

विजापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार. जानेवारी 2026 मध्ये आपल्या महानगरपालिकेची जी निवडणूक झाली, तिच्यासाठी केलेली प्रभागरचना 2011 च्या जनगणनेवर आधारलेली होती. मी जुळे सोलापुरात राहतो. त्या जनगणनेच्या वेळी आमच्या गल्लीपलीकडे नुसते प्लॉट पाडून ठेवलेले होते आणि त्यांवर बाभळी माजल्या होत्या. आज तेथे चार-चार मजली अपार्टमेंट उभी आहेत. तरीही कागदोपत्री तो भाग जवळजवळ रिकामा धरूनच सीमा आखल्या गेल्या. आता नव्या जनगणनेचे आकडे आल्यावर नगरसेवकांची संख्या वाढेल का, सीमा कोण व कशाच्या आधारे आखतो, आणि त्यात सामान्य नागरिकाला बोलायला जागा कुठे असते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. कोणत्या पक्षाचा फायदा होईल ही चर्चा येथे नको. तिच्यासाठी पार्क चौकातल्या चहाच्या टपऱ्या पुरेशा आहेत.

निवृत्त_लिपिक

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग निव्वळ हिशेबाचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 5 नुसार सहा ते बारा लाख लोकसंख्येच्या शहराला किमान 85 नगरसेवक मिळतात, आणि सहा लाखांवरील प्रत्येक 20,000 लोकसंख्येमागे एक जागा वाढते. मात्र 115 च्या पुढे जाता येत नाही. 2011 मध्ये सोलापूरची लोकसंख्या 9,51,558 होती. सहा लाख वजा जाता उरलेल्या आकड्यात 20,000 हा आकडा 17 वेळा जातो, म्हणून 85 अधिक 17, अर्थात 102. नव्या जनगणनेत शहराने बारा लाखांचा टप्पा ओलांडला, तर कायद्यातील पुढची श्रेणी लागू होईल आणि तेथे किमान 115 जागा असून प्रत्येक 40,000 मागे एक जागा वाढते. म्हणजे मोठ्या शहराला वाढीव जागा मिळवण्यासाठी दुप्पट माणसे दाखवावी लागतात.

सीमांचे काम याहून किचकट आहे. 9,51,558 ला 102 ने भागले की एका नगरसेवकामागे 9,329 लोक येतात. चार सदस्यांच्या, म्हणजे चार नगरसेवक निवडून देणाऱ्या, प्रभागासाठी ही सरासरी 37,316 होते. तिच्यापेक्षा दहा टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त, म्हणजे साधारण 33,600 ते 41,000 या मर्यादेत प्रत्येक प्रभाग बसवायचा असतो. हे बसवताना घरे किंवा गल्ल्या मोजत नाहीत, तर प्रगणक गट मोजतात. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाकडे सोपवलेला, सर्वसाधारणपणे सहाशे ते आठशे लोकवस्तीचा जो तुकडा असतो, तो म्हणजे प्रगणक गट, आणि तो शक्यतो फोडायचा नाही असा दंडक आहे. आपल्या अपार्टमेंटची जागा 2011 मध्ये ज्या गटात होती, त्या गटाची त्या वेळची लोकसंख्याच आजवर धरली गेली. जागा विस्तीर्ण आणि माणसे मोजकी, असे ते गट होते. त्यामुळे 2011 च्या हिशेबाने दोन प्रभाग अगदी सारखे दिसले, तरी त्यांच्या मतदारयाद्यांत मोठी तफावत पडते, आणि 1992 च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांत ती विशेष जाणवते.

साखरपेठकर

वरील माहिती मोलाची आहे, परंतु तिची दुसरी बाजूही मांडली जावी असे वाटते. जागा एकूण लोकसंख्येवरून ठरतात आणि नंतर वाटल्या जातात. म्हणजे विजापूर रस्ता, शेळगी, बाळे या वाढत्या भागांच्या वाट्याला अधिक प्रतिनिधित्व गेले, तर ते कोणाच्या तरी वाट्यातून जाणार. साखर पेठ, तेलंगी पाच्छा पेठ, भवानी पेठ या भागांत नवे बांधकाम करायला जागाच उरलेली नाही. शिवाय यंत्रमाग आणि विडी कामगारांची किती कुटुंबे शेजारच्या कुंभारी गावातील घरकुलांत गेली, ते पाहा. तेथील विडी कामगारांची दहा हजार घरे 2006 मध्ये दिली गेली, आणि रे नगर वसाहतीतील तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी 2024 मध्ये झाले. ही माणसे कामाला, दवाखान्याला, बाजाराला सोलापुरातच येतात. पण कुंभारी महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने जनगणनेत ती शहराची धरली जाणार नाहीत. पुण्याला नोकरीस गेलेल्या आमच्या मुलांचेही तसेच. नाव येथील मतदारयादीत असले, तरी राहणे पुण्यात असल्याने मोजणी पुण्यात होणार.

पाणी काही दिवसांआड येते, आणि ते कोणत्या वेळी सुटेल हे विचारण्यासाठी नगरसेवक हाकेच्या अंतरावर असावा लागतो. उद्या दोन-तीन पेठा मिळून एक लांबोडका प्रभाग झाला, तर ते अंतर वाढणार. म्हणून केवळ वाढत्या वसाहतींनीच नव्हे, तर आम्ही पेठकरांनीही नव्या मोजणीकडे बारकाईने पाहायला हवे.

नकाशावाचक

नागरिकाला बोलायला जागा कुठे, या भागाचे उत्तर मी देतो, कारण गेल्या वेळी काही हरकतींचे मसुदे मी लोकांना लिहून दिले होते. आयुक्त प्रारूप आराखडा तयार करतात, तो नगरविकास विभागामार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे जातो आणि मान्यतेनंतर हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होतो. प्राधिकृत अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते व त्यानंतर अंतिम अधिसूचना निघते. हरकतींची मुदत थोड्या दिवसांची असते, आणि बहुतेकांना प्रारूप प्रसिद्ध झाल्याचे कळते ते मुदत संपत आल्यावरच.

बहुतांश हरकती फेटाळल्या जाण्याचे कारण त्यांच्या भाषेत असते. ‘आमचा भाग पूर्वीपासून अमुक प्रभागात आहे, तो तसाच ठेवावा’ असे लिहून काहीही साधत नाही. जुनी रचना टिकवणे हा नियमच नाही. नियम आहेत ते असे : रचनेची सुरुवात उत्तरेकडून करून ती ईशान्येकडे, मग पूर्वेकडे व पुढे पश्चिमेकडे नेत शेवट दक्षिणेत करायचा, सीमा रेल्वेमार्ग, मोठे रस्ते, नाले यांवरून जावी, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो विभागल्या जाऊ नयेत. यांपैकी नेमका कोणता नियम कोठे मोडला, हे हरकतीत यायला हवे. एका अर्जात आम्ही रेल्वेरुळांपलीकडचे दोन प्रगणक गट क्रमांकासह दाखवले, ते शेजारच्या प्रभागात गेल्यास दोन्ही प्रभागांची लोकसंख्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत कशी राहते याची बेरीज मांडली, आणि नकाशाची प्रत जोडली. सुनावणीत त्या अर्जावर खरोखर चर्चा झाली. त्याच दिवशी शंभर सह्यांचे एक निवेदन दोन मिनिटांत निकाली निघाले.

एक सावधगिरी : आपण गट काढा म्हणालात, तर त्याच्या जागी दुसरा कोणता घ्यावा हेही सांगावे लागते. अन्यथा शेजारचा प्रभाग मर्यादेबाहेर जातो आणि हरकत तेथेच संपते.

विजापूररोडकर

सर्वांचे आभार. एक शंका उरते. 2022 मध्ये सोलापूरसाठी 113 नगरसेवक व 38 प्रभाग असा आराखडा झाला होता. तेव्हा तर नवी जनगणना नव्हती, मग संख्या वाढली कशी?

निवृत्त_लिपिक

शंका रास्त आहे. तेव्हा जनगणना बदलली नव्हती, कायद्यातील नगरसेवकसंख्येचा तक्ता बदलला होता. किमान संख्या 85 ऐवजी 96 करण्यात आली, म्हणून त्याच 9,51,558 वर 96 अधिक 17 असे 113 झाले. सोबत चारऐवजी तीन सदस्यांचे प्रभाग आले, आणि 37 प्रभाग तिघांचे व एक दोघांचा अशी विभागणी ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने जुना तक्ता परत आणला व तो आराखडा बाद झाला. तेव्हा जनगणना कितीही चोख झाली, तरी प्रभाग किती सदस्यांचा असावा हा निर्णय विधिमंडळाच्याच हाती राहतो, आणि माझ्या मते सीमांवर खरा परिणाम त्याचाच होतो. चार सदस्यांच्या प्रभागात एखाददुसरा गट इकडेतिकडे झाला तर फारसे बिघडत नाही. एक सदस्यीय पद्धतीत तोच गट निकाल फिरवू शकतो.

वेळापत्रक असे दिसते. जनगणनेचा संदर्भदिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस, 1 मार्च 2027 आहे. तिच्यासाठी प्रशासकीय सीमा 31 डिसेंबर 2025 रोजी गोठवल्या गेल्या असून 31 मार्च 2027 पर्यंत त्या बदलता येणार नाहीत. त्यामुळे कुंभारीसारख्या गावाचा हद्दवाढीत समावेश व्हावा असे कोणाला वाटत असले, तरी या मोजणीपुरते ते शक्य नाही. सध्याच्या सभागृहाची मुदत पाच वर्षे, म्हणजे पुढील सार्वत्रिक निवडणूक 2031 च्या सुरुवातीला येते. रचनेसाठी जनगणना केवळ होऊन भागत नाही, तिचे आकडे प्रसिद्ध झालेले असावे लागतात, असे राज्यघटनेच्या भाग 9-अ मध्येच नमूद आहे.

तोवर आपल्या हाती आहे ते एवढेच, की 2027 च्या फेब्रुवारीत प्रगणक येतील तेव्हा अपार्टमेंटमधील भाडेकरूंची कुटुंबेही नोंदवली जातील, हे पाहावे. घरमालक आपले नाव सांगतो आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कामावर गेलेले असतात. एका इमारतीत अशी चार कुटुंबे सुटली, की गटाचा आकडा वीस-पंचवीसने खाली येतो आणि पुढची रचना त्याच आकड्यावर होते.