वडिलांची कामं त्यांच्या हातून काढून न घेता मदत कशी करावी?

नमस्कार मंडळी,

बाबा ऐंशीच्या घरात आहेत, एकटे राहतात, वयाच्या मानाने ठणठणीत आहेत. जमेल तसं मी जाऊन येतो. गेल्या गेल्या विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही रे, सगळं झालंय." आणि मी निघायला बॅग उचलली की कपाटातून पिशवी बाहेर येते. भरायची बिलं, बँकेचं पत्र, एखादा न फोडलेला लिफाफा. "जाता जाता एवढं बघशील का?" जाता जाता होण्यासारखं त्यात एकही काम नसतं!

मोठी अडचण सहीची. हात थरथरतो, शेवटची वेलांटी खाली घसरते, म्हणून एक चेक परत आला. तेव्हापासून वर्तमानपत्राच्या कडेला एकाखाली एक सह्या गिरवलेल्या दिसतात. मी बघतोय म्हटल्यावर पान उलटतात.

दुसरं औषधांचं. डब्यात रक्तदाबाच्या दोन पट्ट्या निघाल्या, नावं वेगळी, बारीक अक्षरातला घटक मात्र तोच. दोन डॉक्टरांनी आपापल्या परीने दिलेल्या. लगेच फोन करून विचारलं, म्हणून ते निस्तरलं. पण हे परत होऊ नये यासाठी काय करता?

बहीण म्हणते, सगळं ऑनलाइन करून टाक, त्यांना कळायचीही गरज नाही. सोय होईल, मान्य. पण बँकेत जाणं, काउंटरवर दोन शब्द बोलणं, हेच तर त्यांचं घराबाहेर पडणं आहे. तेही काढून घेतलं तर दिवसभर करायचं काय? अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद १
सही बदलली तर बँकेत नवीन नमुना सही देता येते. बाबांना स्वतःला घेऊन जा, ओळखपत्र बरोबर ठेवा. आणि आधी देऊन ठेवलेले चेक वटलेत ना, ते बघूनच बदला, नाहीतर जुन्या सहीचे चेक परत यायचे. अंगठ्यावर विसंबू नका, वयाने बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ओळखतच नाही. खात्यावर तुमचं नाव घालायचा विषय निघाला तर घाई नको. संयुक्त खातेदार होणं वेगळं आणि नुसता व्यवहाराचा अधिकार घेणं वेगळं. भावंडांशी बोलून ठरवा.

प्रतिसाद २
औषधांचा आमच्याकडचा नियम: वर्षातून एकदा तरी घरातली झाडून सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओतायची. डोळ्यांचे थेंब, जाहिरात पाहून आणलेल्या गोळ्या, सगळं. यादी पट्टीवरच्या नावाने नाही, घटकाच्या नावाने करा आणि प्रत्येक डॉक्टरला तीच दाखवा. आपल्या मनाने काही बंद करू नका मात्र.

एक विचारू का दादा? बाबांना ऐकू नीट येतं ना? वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ निसटतात, बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाही. मग माणूस "हो हो, झालंय" म्हणून मोकळा होतो. ओरडून उपयोग नसतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. "काय करायचंय?" न म्हणता "विजेचं बिल कुठंय?" असं नेमकं विचारून बघा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. चेकचं डोक्यातच आलं नव्हतं, त्यांनी कोणाकोणाला देऊन ठेवलेत ते आधी विचारतो. ऐकण्याचं मात्र चपखल बसलं. फोनवर तर ते हल्ली नुसतं "बरं, ठेव आता" म्हणतात. कानाच्या मशीनचं नाव काढलं की विषय बदलतील, हे आत्ताच सांगतो. तुमच्यापैकी कोणी वडिलांना तपासणीला तरी तयार केलंय का? काय सांगून नेलंत?