कॉर्निया रोपणानंतरचे ड्रॉप्स: एकमेकांना बाधणारे कोणते?

प्रश्न:
रोपणाला दोन आठवडे झालेत, बुबुळाचा (कॉर्नियाचा) वरचा थर अजून पूर्ण भरलेला नाही. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट, मॉक्सिफ्लॉक्सासिन (प्रतिजैविक) आणि कृत्रिम अश्रू चालू आहेत. डोळा ठणकतो म्हणून घरचे मोतीबिंदूच्या वेळचा उरलेला केटोरोलॅक (स्टेरॉइड नसलेला वेदनाशामक ड्रॉप) घालू पाहतात. शिवाय सगळे ड्रॉप्स लागोपाठ घालतात. यात धोका कशाचा?

उत्तर १:
केटोरोलॅक अजिबात नको. या गटातल्या औषधांनी बुबुळाची संवेदना कमी होते आणि जखम भरायला वेळ लागतो. चालू असलेलं स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन, तेही भरणं लांबवतं. वरचा थर उघडा असताना दोन्ही एकत्र आली तर बुबुळ विरघळत जाऊन भोक पडू शकतं. त्याच गटातल्या डायक्लोफेनॅकचंही तेच. आणि ठणका वाढतोय, लाली आहे, नजर धूसर झालीय, उजेड सहन होत नाही, यातलं काहीही असेल तर वेदनाशामक शोधत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा. रोपण नाकारलं जाण्याची किंवा जंतुसंसर्गाची लक्षणं हीच असतात.

उत्तर २:
लागोपाठ घालण्याबद्दल. पापणीच्या आत साधारण ३० मायक्रोलीटर मावतात, एक थेंबच ३० ते ५० चा. दुसरा लगेच पडला की पहिला वाहून जातो. दोन औषधांत किमान ५ मिनिटं सोडा. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटची बाटली नीट हलवा, औषध तळाशी बसतं. मलम असेल तर सगळ्यात शेवटी. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा हलकेच दाबा, बुबुळावर दाब नको.

उत्तर ३:
लेबलवर फॉस्फेट आहे का तेही पाहा. थर उघडा असताना ड्रॉप्समधलं फॉस्फेट आणि अश्रूंमधलं कॅल्शियम मिळून बुबुळावर पांढरा थर जमतो, तो आपोआप जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचाही जखमेवर पांढरा साका बसतो, पण तो वेगळा: बाटलीत आम्ल असतं, अश्रूंमध्ये ते उदासीन झालं की औषध बाहेर पडतं. कृत्रिम अश्रू दिवसात अनेकदा घालायचे असल्याने बेन्झाल्कोनियम (ड्रॉप्स टिकवण्यासाठी घातलेलं रसायन) नसलेले मागा, हे रसायन उघड्या थराला आणखी इजा करतं.

प्रश्नकर्ता:
स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढला तर?

उत्तर २:
स्टेरॉइड आपणहून बंद करू नका, रोपण नाकारलं जाऊ शकतं. दाब उतरवायला डॉर्झोलामाइड लिहून दिलं तर रोपणाचा आतला थर कमजोर आहे का, हे विचारा. त्या थरातला पाणी उपसणारा पंप ज्या एन्झाइमवर चालतो तेच हे औषध रोखतं, त्यामुळे कमजोर रोपणाला सूज येऊ शकते. दाबासाठीच टिमोलॉल दिलं तर दमा असल्याचं आधीच सांगा.