डोळ्यातला कोन अरुंद आहे, पण त्रास नाही. लेझर करून घ्यावे का?

नाशिककर : आईचे वय 62 आहे. चष्म्याचा नंबर तपासायला गेलो असता डॉक्टरांनी कोन अरुंद असल्याचे सांगून दोन्ही डोळ्यांना लेझरने छिद्र पाडण्याचा सल्ला दिला. डोळ्याचे प्रेशर 16 आहे, नस चांगली आहे. काही दुखत नसताना हे कशासाठी आणि त्याने नजर सुधारेल का, असे आई विचारते.

नेत्रवैद्य : नजर सुधारणार नाही, तो या उपचाराचा हेतूच नाही. डोळ्यातले पाणी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे तयार होते, बाहुलीतून पुढे येते आणि हा पडदा व डोळ्याची पुढची पारदर्शक काच जिथे मिळतात, त्या कोनातल्या जाळीतून बाहेर जाते. वयानुसार भिंग जाड होऊन बाहुलीपाशी ही वाट अडू लागली, की मागे तुंबलेले पाणी पडद्याला पुढे फुगवते आणि कोन मिटत जातो. याग नावाच्या लेझरने पडद्याच्या कडेला बारीक छिद्र पाडले, की पाण्याला दुसरी वाट मिळते.

मात्र गोनिओस्कोपीत (कोन आरशाच्या भिंगातून पाहण्याची तपासणी) कोन नुसता अरुंद दिसला की चिकटू लागलेला, हे आधी विचारा. चीनमधील ग्वांगझू येथे नुसता कोन अरुंद असलेल्या 889 जणांच्या एकाच डोळ्याला लेझर करून सहा वर्षे पाहिले गेले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार लेझरने कोन मिटण्याचा धोका जवळपास निम्मा झाला. पण लेझर न केलेल्या डोळ्यांतही बिघाड इतका क्वचित आढळला, की सरसकट लेझर करू नये असेच संशोधकांनी सुचवले. घरात कोणाला काचबिंदू (डोळ्याचे प्रेशर वाढून नस खराब होण्याचा आजार) असेल किंवा वेळेवर तपासणीला येणे जमणार नसेल, तर मी लेझरच सुचवतो.

मोगरा : माझे दोन वर्षांपूर्वी झाले. बाहुली आकसणाऱ्या थेंबांनी भुवईवर ठणका लागला, तोच काय तो त्रास. लेझरचे टिचकी मारल्यासारखे चार-पाच ठोके बसले आणि काम संपले. तासाभराने प्रेशर पुन्हा मोजले. दिव्याकडे पाहताना एक पांढरी रेघ मात्र अजून दिसते, आणि तिची कल्पना मला आधी कोणी दिली नव्हती.

नाशिककर : आईला मोतीबिंदूही सुरू झाला आहे. त्याने काही फरक पडतो का?

नेत्रवैद्य : पडतो. नजर अधू झाली असेल, तर मोतीबिंदू काढून पातळ कृत्रिम भिंग बसवल्यावर कोन आपसूक मोकळा होतो आणि वेगळ्या छिद्राची गरज बहुधा उरत नाही. काहींच्या पडद्याची ठेवणच अशी असते, की छिद्रानंतरही कोन उघडत नाही. तेव्हा आर्गॉन लेझरने कडेला चटके देऊन पडदा आकसवतात. कोन अचानक मिटू शकतो, म्हणून तूर्त एवढे सांभाळा : डोळा लाल होऊन असह्य दुखला, दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी दिसली किंवा उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न पाहता आईंना त्याच रात्री डोळ्यांच्या रुग्णालयात न्यावे.